जेवली का गाडी?

जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ रिकाम्या पोटात असतं, यावर आमच्या थोरल्या साडूंइतकी निष्ठा दुसऱ्या कुणी ठेवली असेल असं मला वाटत नाही. माणूस रागावला, रुसला, परीक्षेत नापास झाला, काहीही झालं तरी त्यांचा पहिला प्रश्न एकच, "जेवला का?" पूर्णा गावातल्या त्यांच्या घरी एकदा शेजारी बांधाच्या भांडणावरून तावातावाने आला. साडूंनी त्याला बांधाबद्दल एक अक्षर बोलू दिलं नाही. आधी पाटावर बसवला, पुढ्यात तांदळाच्या भाकरी आणि बोंबलाचं कालवण ठेवलं, आणि थोड्या वेळाने तो गृहस्थ कालवणात चिंच किती घातली याची चौकशी करू लागला. मलासुद्धा माझ्या साखरपुड्यात त्यांनी आधी जेवणाचं विचारलं होतं आणि नाव नंतर.

शेतजमिनीवर गोदामं उभी राहिली तेव्हा गावातले त्यांच्या वयाचे बाकीचे लोक ओट्यावर बसून येणारे-जाणारे ट्रक बघण्यात सुखी होते. साडूंना बसणं जमेना. त्यांनी एक जुनी डिझेल पिकअप घेतली आणि नारपोलीच्या लूमवरून कापडाच्या गाठी वाहायला सुरुवात केली. गाडी चढावर दमते हे त्यांच्या मनाला फार लागलं. दमते म्हणजे खुराक कमी पडतो, उघड आहे! एका मिस्त्रीकडून त्यांनी पंपाचं डिझेल वाढवून घेतलं, वर मोठा टर्बो बसवला. मग ती गाठींनी भरलेली गाडी कल्याणच्या रस्त्याला चांगल्या चांगल्या मोटारींना मागे टाकू लागली, आणि साडू खिडकीतून डोकं बाहेर काढून त्या मोटारवाल्यांना "घरून जेवून निघत जा" असा सल्ला देऊ लागले. एवढी ताकदीची गाडी म्हटल्यावर तिची काळजीही वाढली. नारपोलीत कापसाची पांढरी धूळ सगळीकडे उडते, ती टाकीत जाऊन इंजिनला बाधेल म्हणून त्यांनी सायकलची जुनी ट्यूब कापून टाकीच्या झाकणावर घट्ट ताणून बसवली. तीट लावल्यासारखी ती काळी पट्टी त्यांना फार शोभिवंत वाटायची.

आणि मग गाडी बंद पडू लागली. झकास निघायची, पळायची, आणि कोन गावाच्या आसपास आली की आचके देऊन गप्प व्हायची. साडू शांतपणे उतरायचे. डिझेलच्या काट्यावर त्यांचा विश्वास नव्हता. सीटखाली बांबूची एक कामटी असायची, ती टाकीत बुडवून ते स्वतः बघायचे. झाकण उघडताच आतून 'सुस्स' असा आवाज यायचा. "आयकलं का, साडूभाऊ?" ते मला म्हणायचे, "उसासा टाकला तिनं. बिचारीला सकालपासून कोनी इचारलंच न्हाय." टाकी निम्म्याहून भरलेलीच असायची. ते झाकण लावायचे, इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप थोडा मारायचे, बॉनेटवर थोपटायचे, आणि खरोखरच गाडी चालू व्हायची! नुसत्या चौकशीनेच गाडी चालते म्हटल्यावर साडूंना आणखी कसला पुरावा हवा होता?

मिस्त्री मात्र जेरीस आला. त्याने फिल्टर बदलले, पाइप फुंकून साफ केले, पंप उतरवून पुन्हा बसवला. त्याच्या अंगणात गाडी तासन्‌तास शहाण्यासारखी चालायची. शेवटी तो म्हणाला, "सेठ, ताकत जादा हो गयी है. पहले जैसा कर देता हूँ." साडूंचा चेहरा उतरला. "खाते म्हनून पोरीला उपाशी ठेवू?" ते म्हणाले.

एरवी हे प्रकरण असंच आनंदात चाललं असतं, पण त्यांच्या एकुलत्या एक मुलीचं लग्न ठरलं, तेही कोनलाच. ती लहान असताना याच गाडीत त्यांच्या शेजारी बसून फिरायची आणि "तुला सासरी मीच सोडनार, आपल्या गाडीतून" असं त्यांनी तिला कैक वेळा सांगितलं होतं. मेहुणीबाईंनी साफ नकार दिला. "वरात अर्ध्या वाटेत थांबली तर लोकं काय म्हनतील?" साडूंनी वाद घातला नाही. भाड्याची मोटार सांगून आले आणि त्या दिवशी कुणालाही जेवणाचं विचारलं नाही. तेव्हा मला पहिल्यांदा त्यांची काळजी वाटली.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात पत्रिका वाटायला आम्ही तिघं त्या गाडीतून निघालो आणि नेहमीप्रमाणे कोनजवळ थांबलो. साडू कामटी काढू लागले, तर मुलगीच उतरली. तिने झाकण उघडलं, तो 'सुस्स' ऐकला, आणि झाकण उलटसुलट करून बघितलं. झाकणाला हवेचं एक बारीक भोक होतं, आणि ते ट्यूबखाली पार बुजलं होतं.

"बाबा, ही ट्यूब तूच लावलीस ना?"

"धूल जाऊ नये म्हनून लावली."

"अरे, पन हवा पन जात न्हाय! डिझेल संपतं तशी आत हवा नको? तू इचारतोस म्हनून न्हाय चालत ती. तू झाकन उघडतोस म्हनून चालते."

तिने ट्यूब ओढून काढली. वाढवलेला पंप डिझेल भराभर ओढायचा आणि बंद टाकी ते धरून ठेवायची, एवढंच होतं. मिस्त्री काम करताना झाकण बाजूला काढून ठेवायचा, म्हणून त्याला काही सापडलं नव्हतं. आम्ही सगळं गाव पालथं घालून आलो, गाडी एकदाही थांबली नाही. साडू रस्ताभर लेकीकडेच बघत होते, मला समोरून येणाऱ्या ट्रकांची धास्ती वाटत होती. लग्नाच्या दिवशी झेंडूच्या माळांत बुडालेली ती गाडी त्यांनी स्वतः चालवली, इतकी सावकाश की एक बैलगाडीही पुढे गेली.

परवा त्यांच्याबरोबर पुन्हा त्या रस्त्याने गेलो. मुलीच्या गल्लीशी गाडी बंद पडली. माझं लक्ष होतं; साडूंनीच चावी फिरवून ती बंद केली होती. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मुलगी हात पुसत बाहेर आली. गाडीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"जेवलास का, बाबा?"

"न्हाय गो," साडू म्हणाले.

आम्ही दोघं नुकतेच घरून पोटभर जेवून निघालो होतो.