सईचा पेपर सुटेपर्यंत

शालिनीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी गॅसवर दूध ठेवलं होतं आणि सई, माझी मुलगी, आतल्या खोलीत पुस्तक उशाशी घेऊन झोपली होती. फोन अभयचा, माझ्या नवऱ्याचा. तो दवाखान्यात ताईंजवळ होता. "ताई गेली," एवढंच म्हणाला आणि रडायला लागला. मी धीराचं काहीतरी बोलायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघालं काय, तर "अरे, आज सईचा बायोलॉजीचा पेपर आहे!" महिना उलटून गेला, तरी ते आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. सख्खी नणंद गेली आणि बाईला पेपर सुचतोय! पण खरं सांगते, ताईंनी ते ऐकलं असतं तर त्याही आधी घड्याळाकडेच बघितलं असतं.

ताई म्हणजे अभयची मोठी बहीण. बडोद्यातल्याच एका शाळेत उभा जन्म जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. गोत्री भागात आमच्या सोसायटीत, आमच्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहायच्या. लग्न केलं नाही. वडील लवकर गेले, आई खचली, आणि रांगणाऱ्या अभयला वाढवता वाढवता यांचं वय निघून गेलं. त्याबद्दल कधी कुरकुर ऐकली नाही, पण तोंड मात्र भारी तिखट. माझा स्वभाव आधीपासून काळजीचा. गॅस बंद केला का ते बघायला मी अर्ध्या जिन्यातून परत येते. ताई दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अगं, जा आता! आग लागली तर मी आहे ना समोर, विझवीन." असं म्हणत म्हणत त्यांनी माझ्या घराच्या किल्ल्या, माझी दुखणी आणि माझी पोरगी, सगळंच सांभाळलं.

यंदा सई दहावीला. तिच्या बोर्डात जीवशास्त्राचा पेपर वेगळा असतो. पोरगी हुशार आहे, पण भित्री, म्हणजे माझ्यावर गेली आहे. पूर्वपरीक्षेत तिने प्रदूषणाचा अख्खा प्रश्न कोरा सोडला. येत नव्हता म्हणून नाही! प्रदूषणाचे प्रकार, कारणं, परिणाम, उपाय, सगळं तिला तोंडपाठ होतं. पण हवेची यादी पाण्यात गेली, पाण्याची जमिनीत, हात गार पडले आणि पुढे काही सुचेचना. घरी येऊन ती अंथरुणात तोंड खुपसून रडली. "बोर्डातपण असंच झालं तर?" हा एकच प्रश्न. मी तिला काय समजावणार, मलाच त्या विचाराने जेवण जाईना. वर जो तो सांगणार, "प्रदूषण ना? अगदी सोपं!" सोप्या गोष्टीत चुकलेल्या मुलाला यापेक्षा वाईट वाक्य नसेल.

ताईंनी तो कोरा प्रश्न बघितला आणि पुस्तक मिटून टाकलं. "उद्या सकाळी माझ्याबरोबर भाजीला चल," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, झालं! परीक्षा तोंडावर आणि या पोरीला खंडेराव मार्केटला नेतायत. पण ताईंपुढे बोलायची टाप कोणाची? दुसऱ्या दिवशी मीही पिशवी घेऊन मागे निघाले. तिथे सडलेल्या कोबीच्या पाल्याशी ताई थांबल्या. "हे काय?" सई म्हणाली, "कचरा." "कुजणारा का न कुजणारा? कुठे जाईल? गेला नाही तर काय होईल?" मग प्लास्टिकच्या पिशव्या, मग टेम्पोचा धूर, मग एकाने आमच्या कानाशीच हॉर्न वाजवला तर ताई खूश! "हा घे, आयता आला. ध्वनी. परिणाम सांग." भाजीवाली मावशी हसायला लागली. "बेन, छोकरीने शांतिथी भाजी तो लेवा दो," म्हणजे पोरीला शांतपणे भाजी तरी घेऊ द्या, म्हणाली. ताईंनी तिच्याकडून मेथी घेतली आणि मेथीवर मारलेल्या औषधाचा प्रश्न विचारला.

परत येताना विश्वामित्री नदीच्या पुलावर रिक्षा थांबवली. खाली काळपट पाणी, आणि काठावर एक मगर ऊन खात पडलेली. सईने आपणहून विचारलं, "आत्या, या पाण्यात मासे मरतात, मग मगरी कशा जगतात?" मी ताईंचं तोंड पाहत होते. कितीतरी दिवसांनी पोरीने भीती सोडून प्रश्न विचारला होता. ताई म्हणाल्या, "मासा पाण्यातला ऑक्सिजन घेतो, तो संपला की मासा संपला. मगर नाक वर काढून हवेतला घेते. पण ती सुटली असं समजू नकोस हं. माशांच्या अंगात साठलेलं सगळं विष शेवटी तिच्याच पोटात जातं." सई जरा थांबून म्हणाली, "बाबांच्या मकरपुऱ्याच्या कंपनीतूनपण सांडपाणी निघतं ना?" "निघतं. तुझ्या मोरीतूनही निघतं. दोन्ही लिही. आणि हे बघ, पेपरात डोकं बंद पडलं ना, तर यादी आठवायला जाऊ नकोस. आज पाहिलंस त्यातलं एक काहीतरी लिही. एक लिहिलं की पुढचं त्याच्या मागोमाग येतं." रिक्षावाला मीटरकडे बघत होता, पण त्यानेही मगर बघून घेतली.

मग रोज संध्याकाळी उजळणी. पेपर सुरू झाले तसा ताईंनी आणखी एक नियम केला. पेपरच्या दिवशी सकाळी समोरच्या घरातून फोन करायचा, सईला एकच प्रश्न विचारायचा, उत्तर ऐकायचं आणि ठेवून द्यायचा. समोर राहून फोन कशाला, म्हटलं तर म्हणाल्या, "तोंड दिसलं की ती माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधते." इतिहास झाला, गणित झालं, दोन्ही बरे गेले. मला जरा हायसं वाटलं, आणि नेमकं तेव्हाच ताईंना दम लागायला लागला. जिना चढताना, मग बोलताना, मग नुसतं बसलं तरी. दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले हृदयाचं जुनं दुखणं आहे, औषधांनी उतार पडेल. सईला आम्ही तसंच सांगितलं.

जीवशास्त्राच्या पेपरच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन गेले. नाकाला ऑक्सिजनची नळी, आणि कानाला फोन! पलीकडे सई अम्लवर्षा सांगत होती. फोन ठेवल्यावर ताईंनी मला जवळ बसवलं. "हे बघ, माझं काही बरंवाईट झालं तर तिला खोटं सांगून पेपरला पाठवू नका." मी म्हटलं, "ताई, असं अभद्र काय बोलता?" "ऐक गं जरा. माझ्या मॅट्रिकच्या वेळी बाबा सकाळी गेले. बापूकाकांनी मला सायकलवर बसवून पेपरला नेलं, रस्ताभर एक शब्द बोलले नाहीत. सगळ्या गल्लीला माहीत होतं, एक मी सोडून. पेपर देऊन आले तर बाबांना नेऊनही झालं होतं..." त्या दम घ्यायला थांबल्या. "त्या पेपरात मला वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडले. अजून राग येतो." मी त्यांचा हात धरून बसले, दुसरं काय करणार?

आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तो फोन. रडणं ओसरल्यावर अभयचं पहिलं वाक्य, "सईला इतक्यात सांगू नकोस. पेपर होऊ दे." मी ताईंचं बोलणं सांगितलं तर म्हणाला, "तिचे हात गार पडतात, माहीत आहे ना तुला? वर्ष जाईल पोरीचं." आता काय करावं? माझं डोकं चालेना. तोवर शेजारच्या हंसाबेनना कळलं, आणि मग अख्खी सोसायटी कामाला लागली. ग्रुपवर कोणी काही टाकायचं नाही, असं त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं. वॉचमनला ताकीद दिली, सई बाहेर पडेपर्यंत ताईंना आणणारी गाडी आत सोडायची नाही. दूधवाल्याने दारात हात जोडले तर त्याला तसाच खाली पिटाळला. सगळ्यांची माया खरी होती हो... पण मला राहून राहून वाटत होतं, सगळ्या गल्लीला माहीत आहे, एक तिला सोडून.

सई उठली, अंघोळ केली, गणवेश घातला आणि फोन समोर ठेवून बसली. फोन येईना. "आत्या झोपली असेल," मी म्हटलं. हंसाबेन दही-साखर घेऊन आल्या, "बेटा, शांतिथी लखजे," शांतपणे लिही, म्हणाल्या आणि तोंड फिरवून गेल्या. स्कूटरवर सई मागे गप्प बसली होती. मी दोनदा ब्रेक उगाच दाबला. सांगू? न सांगू? सांगितलं आणि पेपर कोरा आला तर अभय मला काय म्हणेल, आणि नाही सांगितलं तर ही जन्मभर मला काय म्हणेल? परीक्षेचं केंद्र दिसायला लागलं तेव्हा मी गाडी एका झाडाखाली घेतली. इंजिन बंद केलं. "सई, आत्या गेली गं. आज पहाटे."

ती रडली नाही. हातातली पारदर्शक पिशवी, पेनं आणि प्रवेशपत्र असलेली, तिने छातीशी धरली. "मला वाटलंच. हंसाबेन माझ्याकडे बघतच नव्हत्या." मग म्हणाली, "मी येईपर्यंत नेणार नाहीत ना?" मी म्हटलं, "नाही नेणार." "नक्की?" "नक्की." "मग मी बसते पेपरला." आणि गेटमधून आत गेली, मागे न बघता.

नंतरचा वेळ मी त्या गेटबाहेर कसा काढला ते माझं मला माहीत. हात गार पडले असतील का? प्रश्न बघून रडत असेल का? मी काय करून बसले? तेवढ्यात फोन आला, बापूकाकांचा. तेच, अभयचे चुलते, आता खूप थकलेत. "सूनबाई, ऊन वाढतंय, गुरुजींना पुढे जायचंय. आम्ही निघतो. पोरगी मागाहून फोटोला नमस्कार करेल." एरवी मी काकांसमोर मान वर करून बोलत नाही. पण माझा आवाज चढला. "काका, ताईंना तुम्ही सायकलवरून पेपरला नेलं होतंत, आठवतंय? घरी आल्यावर त्यांना काय मिळालं?" काकांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाले, "घेऊन ये तिला. थांबतो." गेटवरचे बाकीचे आईबाप माझ्याकडे बघायला लागले होते.

आम्ही आलो तेव्हा ताईंना त्यांच्याच हॉलमध्ये ठेवलं होतं. माणसं दाटीवाटीने उभी होती, सगळी वाट बघून कंटाळलेली. सईने बूट काढले आणि थेट जाऊन ताईंच्या डोक्याशी मांडी घालून बसली. मला वाटलं आता हंबरडा फोडेल, म्हणून मी पुढे झाले. तर तिने पिशवीतून प्रश्नपत्रिका काढली, मांडीवर उलगडली आणि वाकून हळू आवाजात सांगायला लागली. पहिल्यातला अमुक असा लिहिला, तमुक चुकला बहुतेक, आकृती काढली, नावं दिली. बायकांची कुजबुज थांबली. गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं, तर बापूकाकांनीच हात करून त्यांना गप्प बसवलं. पानामागून पान उलटत ती प्रदूषणाच्या प्रश्नापाशी आली आणि अडकली. "हात गार पडले होते, आत्या... पण लिहिला. सगळा लिहिला." मग मात्र तिला आवरेना. अभय तिच्या पाठीवर हात ठेवून नुसता उभा राहिला. जरा वेळाने तिने डोळे पुसले, ताईंच्या पायांवर डोकं ठेवलं, उठून उभी राहिली आणि म्हणाली, "बाबा, आता न्या."