सासूबाईंसाठी घड्याळ बघताना

तिला सगळे भिंगवाली म्हणत. चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून ती चौदा वर्षं काचा घासत होती आणि केसाएवढा ओरखडाही तिच्या नजरेतून सुटत नसे. अडचण एवढीच, की ही नजर ती दुकानात ठेवून घरी येत नसे. साधी बादली घ्यायची तरी उजेडात धरून बघणार, कडेवरून बोट फिरवणार आणि दुकानदाराची उलटतपासणी घेणार. नवरा म्हणायचा, "मला पसंत करताना हिनं एवढं निरखलं असतं, तर मी अजून बिनलग्नाचाच असतो."

तिच्या सासूबाई बावन्नाव्या वर्षी पोहायला शिकल्या होत्या. डॉक्टरांनी गुडघ्यांसाठी पाण्यात चालायला सांगितलं होतं. चालता चालता एक दिवस पाय तळापासून सुटले आणि मग बाई काही थांबल्या नाहीत. सहा वर्षांनी तलावाच्या मॅनेजरबाईंनी विचारलं, "सकाळची बायकांची बॅच तुम्ही शिकवाल का?" आयुष्यातली पहिली नोकरी, तीही अठ्ठावन्नाव्या वर्षी! सासूबाई दोन दिवस आरशासमोर उभ्या राहून शिट्टी वाजवत होत्या.

पण शिकवायचं म्हणजे श्वास धरायला लावायचा, सेकंद मोजायचे. त्यांच्या जुन्या घड्याळात पाणी शिरून आतून वाफ धरली होती आणि काटे जागच्या जागी बसले होते. भिंगवालीनं ठरवलं, घड्याळ आपण द्यायचं, आणि चांगलं द्यायचं.

पहिलं दुकान चकचकीत होतं. विक्रेत्यानं एक घड्याळ पुढे केलं. "मॅडम, एकदम वॉटरप्रूफ. बिनधास्त हात धुवा."

"आणि पोहायचं असेल तर?"

"पोहताना काढून ठेवायचं."

"पाण्याला भिणारं वॉटरप्रूफ काय कामाचं?" असं म्हणून ती बाहेर पडली.

दुसरं दुकान एका गल्लीत, जिन्याखाली होतं. तिथले काका घड्याळं विकत आणि दुरुस्तही करत. डोळ्याला भिंग अडकवूनच ते बोलत. त्यांनी समजावलं, "मागं पन्नास मीटर लिहिलंय म्हणून पन्नास मीटर खोल जायचं नसतं, ताई. रोज पोहणार असतील तर शंभरच्या खाली बघू नका. आणि चावी अशी, फिरवून घट्ट बसणारी हवी. पाणी बहुतेक वेळा तिथूनच शिरतं."

भिंगवालीनं बोट ओलं करून त्यांनी दाखवलेल्या घड्याळाच्या काचेवर पाण्याचा थेंब सोडला. थेंब पसरला नाही, मण्यासारखा उभा राहिला. "म्हणजे काच चांगली आहे, सहज ओरखडा धरणार नाही," ती म्हणाली.

काकांनी डोळ्यावरचं भिंग वर सरकवलं. "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"काचेतच जन्म चाललाय, काका."

मग दोघांची जी गट्टी जमली ती विचारू नका. पट्ट्याच्या खिळी, काट्यांची जाडी, आकड्यांचा रंग, सगळ्याचा कीस पडला. तीन घड्याळं उरली, तेव्हा ती म्हणाली, "उद्या येते. एक वस्तू आणायची राहिली."

दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या दुकानातली, डोळे तपासताना काचा बदलून बघायची गोल लोखंडी फ्रेम बरोबर नेली. सासूबाईंचा नंबर तिला पाठ होता. चष्म्याशिवाय त्यांना मनगटावरचं जितकं धूसर दिसतं, तितकंच आपल्याला दिसावं अशा काचा तिनं फ्रेममध्ये बसवल्या होत्या. ती फ्रेम नाकावर चढवून ती एकेक घड्याळ न्याहाळू लागली. रस्त्यानं जाणारे थबकून बघत होते.

इकडे घरी नवऱ्यानं घोटाळा केला. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. "आई, तुझ्या हाताला बांधायचं काहीतरी आणायला गेलीय ती," एवढं बोलून त्यानं जीभ चावली. सासूबाईंना वाटलं, रक्तदाब मोजायचं यंत्र! म्हणजे सुनेला आपण आजारी वाटतो? नोकरी झेपणार नाही असं वाटतं? त्यांनी पत्ता काढून घेतला, पायात चपला सरकवल्या आणि तरातरा गल्लीत आल्या. बघतात तर सून जिन्याखाली, नाकावर लोखंडी चाकं लावून बसलेली.

"अगं बाई! हा काय अवतार?"

भिंगवाली दचकली. "आई! मी... मी आत्ता तुम्ही झालेय."

"मी अशी दिसते?"

"दिसता नाही. तुम्हाला असं दिसतं."

काकांना हसू आवरेना. सगळा उलगडा झाला तेव्हा सासूबाईंचा राग विरघळला, पण नजर गेली ती काचेच्या कपाटातल्या एका नाजूक, सोनेरी घड्याळावर. "तरुणपणी असलं एक मनात होतं माझ्या," त्या हळूच म्हणाल्या.

भिंगवालीच्या हातात पुरुषी थाटाचं, जाड आकड्यांचं पोलादी घड्याळ होतं. दोन दिवसांचा अभ्यास होता तो. तिनं फ्रेम काढली, पोलादी घड्याळ काउंटरवर ठेवलं. "आई, भेट तुमची आहे. मन मारू नका. तुम्हाला आवडेल तेच घेऊ."

सासूबाईंनी सोनेरी घड्याळ हातात घातलं. हात लांब केला, जवळ आणला, पुन्हा लांब केला. "किती वाजले गं?" त्यांनी सुनेलाच विचारलं. मग पोलादी घातलं. क्षणभर बघितलं आणि मोठ्यानं म्हणू लागल्या, "बारा, तेरा, चौदा... अगं, मला सेकंदकाटा दिसतोय! चष्म्याशिवाय!" पंचवीसपर्यंत मोजूनच थांबल्या. "हेच द्या. ते सोनेरी दिसायला गोड आहे, पण त्यात वेळ बघायला मला दुसरं माणूस लागेल."

काकांनी पट्ट्याच्या तीन कड्या काढल्या, मागची बाजू पुसली आणि घड्याळ स्वतः त्यांच्या हातात चढवलं.

पहिल्या दिवशी भिंगवाली तलावाच्या कठड्याशी उभी राहून बघत होती. बारा बायका कमरेएवढ्या पाण्यात गारठून, एकमेकींचे हात धरून उभ्या. सासूबाईंनी शिट्टी वाजवली, घड्याळ वर धरलं आणि एकेकीला डोकं बुडवायला लावलं. सगळ्यात भित्री होती ती सात सेकंद राहिली आणि वर येऊन आनंदानं किंचाळली. सगळ्याजणी टाळ्या वाजवायला लागल्या. तेवढ्यात सासूबाईंचं लक्ष कठड्याकडे गेलं.

"तू काय बघत बसलीस? सोमवारपासून तूही ये."

"मी? आई, मला पाण्याची भीती वाटते!"

"म्हणून तर."

सोमवारी ती नाक घट्ट दाबून पाण्याखाली गेली आणि धापा टाकत वर आली.

"तीन सेकंद," सासूबाई म्हणाल्या.

"तीनच? निदान सहा तरी झाले असतील!"

"घड्याळ तूच पारखून आणलंयस ना? तीन. चल, पुन्हा."