रुसलेल्या जावयाचा टॉवेल

मी स्वभावाने अजिबात रुसका नाही. मला रुसायला लावलं ते जावईपणानं.

मेव्हण्याचं लग्न युसूफ वडगावला, सासऱ्यांच्या दारातच होतं. मांडवात शिरतो न शिरतो तोच थोरल्या साडूंनी मला बाजूला घेतलं. "जावई म्हणून पहिलंच लगीन हाय तुमचं. न रुसता जेवलात तर जन्मभर किंमत न्हाई! दोनदा नको म्हनायचं, तिसऱ्यांदा उठायचं."

अडचण एकच, रुसायला कारण सापडेना! सासरे अण्णा देवमाणूस. चहा, खुर्ची, कूलरची हवा, सगळं वेळेवर. शेवटी आहेरातला टॉवेल उलगडला आणि जीव भांड्यात पडला. वीतभर आखूड होता! तो परत करून मी लिंबाखाली जाऊन बसलो. (सावली बघून. मान वेगळा, ऊन वेगळं.)

अण्णा धावत आले. "जावईबापू, कावून नाराज हाव? चला जेवाया."

"नको."

थोड्या वेळानं पुन्हा आले, अगदी काकुळतीला. त्यांच्या तोंडावर टॉवेलाचा विषय काढायची मला लाज वाटली. म्हणालो, "नको अण्णा, पोट ठीक नाही."

"मंग आधीच सांगायचं की!" आणि ते मांडवभर ओरडले, "जावयाला कुनी आग्रह करू नका! पोट बिघडलंय!"

संपलं! तिसरी वेळ आलीच नाही. आलं ते ग्लासभर ताक. ते घेऊन आलेली बायको म्हणाली, "म्हनलं होतं ना, काल भजे खाऊ नका?"

दोन पंगती उठल्या. भुकेनं डोळ्यांपुढं अंधारी यायला लागली. गुपचूप चुलवणाकडे सरकलो, तर आचारी खेकसला, "बघतो काय बे! उचल ती बुंदीची बादली!"

उचलली. आणि काय सांगू, बादली हातात येताच माझ्यातला जावई पळाला! "मांडी आवरा! सरका!" आवाजच बदलला. पंगतीत थोरले साडू होते. (दुसऱ्यांदा!) म्हणाले, "अजून वाढा की."

"एकदा वाढलीय!" मी गुरकावलो आणि पुढं गेलो.

संध्याकाळी अण्णांनी वाढप्यांना मानाचे टॉवेल वाटले. रांगेत मीही उभा होतो. गडबडीत अण्णांनी वर न बघताच माझ्याही हातात एक ठेवला. तोवर पोटात काय ते तेवढं ताक.

घरी येऊन टॉवेल मोजला. पहिल्यापेक्षाही वीतभर आखूड! चांगलंच रुसावंसं वाटलं. पण वाढप्यांत रुसायची पद्धत नाही.