दुरुस्ती की नवी?

फोन चामोर्शीहून होता. बाईच्या शेजारच्या कुंदाताई बोलत होत्या. "भाऊ, बाई गेल्या." मी माजरीला, खाणीच्या ऑफिसात उभा होतो, बाहेर डंपरांचा आवाज. मी विचारलं, "कुठी? गाडी घेऊन?" पलीकडून कुंदाताईंचा हुंदका आला... आज दीड महिना झाला, पण माझा तो प्रश्न माझ्या कानातून जात नाही.

सुमनबाई माझी थोरली बहीण. आमच्या घरात थोरल्या बहिणीला बाई म्हणतात; ती मास्तरीण झाली आणि मग साऱ्या गावाचीच बाई झाली. तीन वर्षांची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. कुबड्यांवर शिकली, नोकरीला लागली, पण शाळा मिळाली ती चामोर्शीपासून दहा-बारा किलोमीटरवरच्या खेड्यात. एसटीची पायरी तिला चढता येत नसे, कोणीतरी काखेत हात घालून उचलायचं. "पोतं चढवल्यावानी चढवतेत मले," असं ती हसत सांगायची, पण ते हसू मला कधी खरं वाटलं नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तिनं एक जुनी, फिकट निळी मोटार घेतली आणि चंद्रपूरचे मिस्त्री रहमानभाई यांच्याकडून ती हातानं चालेल अशी करून घेतली. क्लचला एक लोखंडी दांडा उजव्या दाराशी, ब्रेकला दुसरा डावीकडे, वेगाची कळ स्टिअरिंगखाली. अपंगांच्या लायसनसाठी परीक्षा दिली, पहिल्या फटक्यात पास झाली, आणि त्या दिवसापासून तिला कोणी उचललं नाही. उलट बाजाराच्या दिवशी तलावाकडच्या मासळीवाल्या बायांना तीच टोपल्यांसकट गाडीत घालून आणायची. मी नाक मुरडलं की म्हणे, "तुले वास येते, तर काच खाली कर ना."

दहा वर्षांत गाडी थकली. इंजिन धूर ओकू लागलं, खालचा पत्रा गंजून एका जागी रस्ता दिसायचा. मी तिच्या मागे लागलो, नवी छोटी गाडी घे. ती म्हणायची, हीच दुरुस्त करू. दोन वर्षं आमचं हेच चाललं. दिवाळीला, राखीला, मी गेलो की जेवणाच्या ताटावर हाच विषय. मी नव्या गाड्यांची चित्रं घेऊन जायचो, ती चष्मा लावून नीट पाहायची आणि शेवटी एकच विचारायची, "हिचा क्लच हलका रायते का?" मला वाटायचं, टाळायला काहीतरी विचारते. एकदा मी चिडलोच. "काऊन इतका जीव आहे तुया या डबड्यात? रस्त्यात बंद पडली तर कोण येईन?" ती ताटातला भात चिवडत राहिली. "मंग ड्रायव्हर ठेव," मी म्हणालो. तेव्हा मात्र तिनं वर पाहिलं. "ड्रायव्हर ठेवला का मी पुन्हा पोतं झाली, दिलीप."

मी ठरवलं, रहमानभाईंनाच गाठायचं. त्यांनी दुरुस्तीला नाही म्हटलं की बाईला नवी घ्यावीच लागेल. गॅरेजात ते गाडीखाली झोपून काम करत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, बाहेर आले, चिंधीला हात पुसत बसले. "भाऊ, बाईनं कसम देली होती," ते म्हणाले, "पन तुमाले सांगतो. तो क्लचचा दांडा मी दोनदा लांब केला. चार-चार बोटं. दांडा लांब असला का जोर कमी लागते. हात ढिले होऊन राह्यले त्यायचे. आता अजून लांब केला तं दार लागनार नाई."

मग त्यांनीच उरलेलं सांगितलं. बाईच्या लायसनवर याच गाडीचा नंबर होता. गाडी बदलली की पुन्हा आरटीओत परीक्षा, पुन्हा साहेबापुढे हात चालवून दाखवायचे... "ते बाईले मालूम हाय," रहमानभाई म्हणाले. पुढे मी नागपूरला एका डॉक्टरांना विचारून पाहिलं. जन्मभर पायांचंही काम ज्या हातांनी केलं, ते असे लवकर थकतात, असं ते म्हणाले. औषध विचारलं, तर म्हणाले, यावर औषध नाही.

दोन वर्षं मी जिच्याशी गाडीवरून भांडत होतो, ती गाडीबद्दल बोलतच नव्हती. आणि आता कळलं, तर करण्यासारखं काय होतं? जुनी तिला ओढवत नव्हती, नवीचं लायसन मिळालं नसतं. गाडी बंद कर म्हणायची माझी छाती नव्हती. ती चालवते आहे हे माहीत असून गप्प बसायचं, तर रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटची भेट थंडीतली. तिला खोकला होता, बोलताना दम लागत होता. तरी सकाळी म्हणाली, "चाल, शाळा दाखवतो तुले. नवी खोली बांधली." मी तिच्या डावीकडे बसलो. धानाची कापणी झालेली, शेतातल्या बांध्या मोकळ्या, रस्ता रिकामा. चढावर गिअर बदलायची वेळ आली तेव्हा तिनं स्टिअरिंग सोडलं आणि दोन्ही हातांनी क्लचचा दांडा दाबला. गाडी एका अंगाला जाऊ लागली. मी हात पुढे करून स्टिअरिंग धरलं. खाली गेलेला दांडा एका हातानं रेटून धरत तिनं गिअर टाकला, स्टिअरिंग परत घेतलं. शाळेपर्यंत असं चार वेळा झालं. परत निघताना एवढंच म्हणाली, "मंग? दुरुस्ती का नवी?" मी म्हणालो, "पाहू, बाई." ती म्हणाली, "हो. पाहू."

त्यानंतर तीन आठवड्यांनी खोकला छातीत उतरला. कुंदाताईंनी तिला गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. मला कळवू नका, त्याची ड्युटी आहे, असं तिनंच बजावलं होतं. खोकून टाकायलाही अंगात जोर लागतो, तो तिच्यात उरला नव्हता.

तेरवीनंतर रहमानभाई चामोर्शीला आले. अंगणात पत्र्याखाली गाडी उभी होती. तिच्याभोवती एक फेरी मारून ते म्हणाले, "भाऊ, दांडे काढून पायाचं बसवून देऊ का? तुमी चालवान." मी दार उघडून ड्रायव्हरच्या जागी बसायला गेलो. सीट बाईच्या मापानं पार पुढे ओढून खाली बोल्टनं पक्की केलेली. गुडघे स्टिअरिंगला अडले. कसेही वळवले, तरी माझ्या धडधाकट दोन पायांना तिथं जागा होईना. मी तसाच अर्धा आत, अर्धा बाहेर बसून राहिलो. रहमानभाईंनी पाना काढला होता, बोल्ट ढिला करायला ते खाली वाकलेही. मग माझ्याकडे पाहून त्यांनी पाना परत थैलीत टाकला.