चौकटीतले मुंगळे

आमचे हे एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये. दिवसभर लाल सळया बघणाऱ्या माणसाला लाकडाचं कौतुक कुठून असणार? घर बांधलं तेव्हा दाराला लोखंडी चौकट बसवायची म्हणून हटूनच बसले होते. पण माझ्या वडिलांनी वाटूरहून टेम्पोत घालून कडुनिंबाची चौकट पाठवली आणि जावयाचं तोंड बंद झालं. बांधावरचा जुना निंब वादळात पडला होता. वडिलांनी तो कापून आणला, गोठ्यात वर्षभर वाळवला आणि माझ्या दोन्ही भावांना न देता माझ्या दाराला दिला. या गोष्टीचा मला किती तोरा होता म्हणून सांगू! घरी कोणी आलं की आधी चौकट दाखवायची, मग चहा.

यंदा उन्हाळा संपत आला तेव्हा त्या चौकटीच्या पायाशी बारीक भुसा दिसू लागला. झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच. दिवेलागणीला तिथूनच मोठे काळे मुंगळे निघायचे आणि रांगेनं स्वयंपाकघरात जायचे. ह्यांनी फवाऱ्याचा डबा आणून ती रांग मारली, दुसऱ्या दिवशी नवी रांग हजर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. मग ह्यांनी चौकट बोटानं ठोकून पाहिली, तर खालच्या बाजूला पोकळ वाजली. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटलं, ते मी जन्मात विसरणार नाही.

“वाळवी लागली. आता लोखंडीच बसवतो, तुझं बिलकुल ऐकणार न्हाई म्या,” ते म्हणाले आणि माप घ्यायला माणूसही सांगून आले.

मला रडूच यायचं बाकी होतं. कारण त्याच महिन्यात वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहायला यायचे होते. दारात लोखंड बघून ते एक शब्दही बोलले नसते, आणि तेच मला सोसलं नसतं. मी ह्यांना म्हटलं, वडील येईपर्यंत थांबा. तोवर मुंगळे गेले नाहीत तर चौकट उखडायला मी स्वतः हात लावीन. असल्या पैजा मी नेहमी रागात लावते आणि मग घाम गाळते.

मग मी चौकटीपुढे फतकल मारून बसले. वाळवी असती तर मातीच्या नळ्या दिसल्या असत्या. इथे मातीचा कण नव्हता, नुसता कोरडा भुसा. म्हणजे काम मुंगळ्यांचंच. मुंगळे लाकूड खात नाहीत, राहायला पोखरतात. आणि सुकं, टणक लाकूड त्यांनाही नको असतं, ओलीनं मऊ झालेलं बघतात. पण जालन्यात ओल आली कुठून? नळाला पाणी कधी येईल ते इथे देवाला ठाऊक. वर बघितलं तर खिडकीतला कूलर. त्याची नळी सांध्यातून झिरपत होती आणि ते पाणी भिंतीवरून उतरून थेट चौकटीच्या पायात जात होतं. गावाला मिळत नाही ते पाणी उन्हाळाभर आमच्या चौकटीला रोज मिळत होतं.

आधी नळी बदलली आणि कूलर भिंतीपासून लांब घेतला. छज्ज्यावर टेकलेल्या शेवग्याच्या फांदीवरूनही मुंगळे घरात उतरत होते, ती फुलांसकट तोडली. मग गुळाच्या पाण्यात मेडिकलमधली बोरिक पावडर चिमूटभर कालवली आणि करवंटीत घालून त्यांच्या वाटेवर ठेवली. पावडर जास्त झाली तर मुंगळे वाटेतच मरतात. थोडी असली की घरी नेऊन सगळ्यांना वाटतात. हे मला पहिल्या करवंटीनं शिकवलं, दुसरी बरोबर जमली. रांग हळूहळू विरळ झाली आणि एका संध्याकाळी कोणीच आलं नाही.

राहिला तो पोखरलेला पाय. एवढ्याशा कामाला यायला सुतार तयार नव्हता. मग करवत आणि पटाशी मीच हातात घेतली. कुजकं लाकूड कोरून काढलं, आतली जागा पुरती वाळू दिली. त्याच निंबाचा एक तुकडा ज्वारीच्या कोठीखाली टेकू म्हणून पडला होता, तो तासून घट्ट बसवला. दोन्ही हातांना फोड आले. माप घ्यायला आलेल्या माणसाला ह्यांनी चहा पाजून परत पाठवलं. पैज हरलो असं मात्र आजतागायत कबूल केलेलं नाही.

ऑपरेशन झाल्यावर वडील काळा चष्मा लावून दारातच बसायचे. एकदा त्यांचा हात चौकटीवरून खाली सरकला आणि त्या सांध्यावर थांबला. जावईबापू, सुतार कोण लावला होता, असं त्यांनी विचारलं. सुतार नव्हता, तुमच्याच पोरीनं केलं, असं ह्यांनी सांगितलं. वडिलांनी अंगठ्यानं सांधा पुन्हा चाचपला आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. मला असा राग आला! इतकं केलं, आणि शाबासकीचा एक शब्द नाही.

ते गावी गेले आणि काही दिवसांनी त्यांचा फोन आला.

“मागच्या दाराला मुंगळे झालेत. तुझे भाऊ चौकट काढायची म्हणून राह्यलेत. म्या सांगितलं, हात लावू नका, माझ्या पोरीला येऊ द्या. पटाशी घेऊन ये माय.”

लग्न झाल्यापासून माहेरची बोलावणी पुष्कळ आली. दिवाळीची, बारशाची, जत्रेची. पण विहीर कुठे खोदायची, घर कसं वाढवायचं हे भावांनी ठरवायचं आणि मी जेवून, साडी घेऊन परत यायचं. त्या घराचं काही ठरवायला मला आजवर कोणी बोलावलं नव्हतं. बसमध्ये माझी मान इतकी ताठ होती की शेजारच्या बाईनं विचारलं, कुठे नोकरीला आहात का.

दारात थोरल्या भावानं पाण्याचा तांब्या पुढे केला. मी म्हटलं, “पाणी मंग पिते. आधी ओल कुठून येते ते दाखव.” त्यानं तांब्या खाली ठेवला आणि दोघे भाऊ माझ्यापुढे मागच्या दाराकडे चालू लागले.