शर्वरीताईंचा बुधवार

शर्वरीताईंशी माझं शेवटचं बोलणं झालं, त्यात मी त्यांना नाही म्हणाले. दवाखान्यातून घरी आणलं होतं, उशीला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "संगीता, शाळा सुरू होईपर्यंत पोरांचा बुधवार तू घेशील?" मी म्हटलं, "ताई, मला नाय जमायचं. मी सहावीतून सुटलेली बाई." त्यांनी मान हलवली, पाणी मागितलं... आणि आठव्या दिवशी गेल्या. दीड महिना होत आला. ते 'नाय' अजून परत घेता आलं नाही.

मी लांबची, किनवटकडची. नवऱ्याला वाळूजला काम लागलं म्हणून इकडं आलो, नि मला ताईंकडं स्वयंपाकाचं काम मिळालं. त्यांची इरा आणि तन्मय शाळेत जात नव्हती. ताई घरीच शिकवायच्या. मला नवल वाटायचं. माझी शाळा सुटली तेव्हा मी रडरड रडलेले, नि इथं हौसेनं सोडलेली! बुधवार प्रयोगांचा. त्या दिवशी माझ्या ओट्यावर चुना, लिंबं, फुगे, सायकलचा पंप, काय नाय ते. तन्मय ओरडायचा, "मावशी, काय होईल, तू पण सांग ना!" नि मी चपाती करपतेय म्हणून पळायची. चुकलं तर हसतील, ही धास्ती.

पहिल्याच उन्हाळ्यातली गोष्ट. नळाला पाणी नव्हतं, टँकरचं गढूळ पाणी पिंपात भरलेलं. खिडकीत एका बरणीत तुरटीचं पाणी होतं, आत दोरा सोडलेला. आमच्याकडं तुरटी पाणी निवळायलाच असते. ताईंनी तयार करून ठेवलंय असं समजून मी दोरा काढून टाकला, नि सगळी बरणी पिंपात ओतून ढवळली. दुपारी इरा किंचाळली, "माझा स्फटिक!" दोऱ्यावर खडा वाढावा म्हणून पोरगी कितीतरी दिवस ती बरणी जपत होती. काम गेलं, असंच वाटलं.

ताईंनी पिंपात डोकावलं. तळ दिसत होता.

"किती तुरटी घालतात गं तुमच्याकडं?"

"हंड्यात तीन-चार वेढे फिरवायचे, बस्स. तुम्ही तर वर्षाची भिजवून ठेवलेली!"

बोलून गेले नि जीभ चावली. ताई हसून हसून खाली बसल्या. इरा मात्र दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. पुढच्या बुधवारी ताईंनी गढूळ पाण्याच्या दोन बादल्या मांडल्या नि मला पुढं उभं केलं. मी एकीत तुरटी फिरवून दाखवली. गाळ खाली का बसतो ते मला सांगता येईना. ताईंनी सांगितलं, पोरांबरोबर मीही ऐकलं. सहावीनंतर मला कोणी काही शिकवलं असेल तर ते त्या ओट्यापाशी. ते उपकार कसे फिटायचे...

त्या गेल्यावर बुधवार नुसता पडून राहायचा. भाऊ, म्हणजे ताईंचे मिस्टर, पोरांना आता शाळेत घालायचे फॉर्म पुढं घेऊन बसायचे. पोरं मोबाईल बघायची, मी भाजी चिरायची. सगळेच थकलो होतो. बोलायचंही जिवावर यायचं.

मागच्या बुधवारी इरानं ताईंची वही माझ्यापुढं ठेवली. "मावशी, हे राहिलंय." थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: दोन माठ, एकाला बाहेरून ऑइलपेंट. कुठल्या माठातलं पाणी गार होईल? शेजारी 'संगीता', नि ते एका रेघेनं खोडलेलं. दुसऱ्या कोणाचं नाव नव्हतं. म्हणजे ताईंनी माझा नकार ऐकला होता नि मानलाही होता. मला मोकळं केलं होतं. वाचून हलकं वाटायला हवं होतं. उलट मी ते खोडलेलं नाव पुन्हा पुन्हा वाचत बसले.

गॅलरीत त्यांनी मागवलेले दोन कोरे माठ तसेच होते, बाजूला रंगाचा डबा.

"तुला येतं का हे?" तन्मयनं विचारलं.

"नाय येत. पण डबा उघडता येतो."

भाऊ दारात उभे होते. आत गेले नि पेचकस घेऊन आले. डबा उघडला, वास घरभर झाला. एक माठ आम्ही तिघांनी मिळून रंगवला. रंग वाळायला दिवस जाणार. "पाणी उद्या भरू," मी पोरांना सांगितलं.

गुरुवारी माझी सुट्टी असते. तरी मी माठ भरायला गेले.