ठिनगीमामाचा लाल आकडा

ठिनगी पडली की मामा हसायचा. वायरीचं टोक गाडीच्या पत्र्याला टेकवायचं, चट्ट करून ठिनगी पडायची, आन् हा साठीतला मानूस बारक्या लेकरावानी खदाखदा हसायचा. दर ठिनगीला हसायचा. जनू आजच पयली बघितली. त्याचं खरं नाव आमच्या खर्ड्यात कुनाला ठावं नव्हतं. मूळचा सोनईचा. बहीन आमच्या गावात दिल्याली, तिच्या पोरांचा मामा म्हनून साऱ्या गावाचाच मामा झाला. पत्र्याची टपरी टाकून गाड्यांच्या लायटीची, हॉर्नची कामं करायचा. गावानं नाव ठेवलं ठिनगीमामा.

आमच्या जीपमुळं त्याची वळख झाली. मी आन् मालकांनी बावीस वर्सं ऊस तोडला. देवळाली प्रवरंकडं फडात, पाचटाच्या कोपीत ऱ्हायलो. दोन लेकरं तितंच झाली, एक तितंच गेलं. दुसऱ्या दिशी मोळ्या बांधल्या. गाडी भरायची हुती. त्यातून पोटाला चिमटा घिऊन जुनी जीप घेतली. मग मालक गेले, जीप ऱ्हायली. लेक कारखान्याच्या ट्रॅक्टरवर, हंगामभर बाहेरच. तवा सून म्हनली, "आत्या, मी शिकते." रेखा तिचं नाव. शिकली. सकाळी बाया कांद्याच्या लागनीला न्यायच्या, सांजच्याला आनायच्या. मी पुढच्या शिटावर.

तिनं पयल्यांदा स्टेरिंग धरलं त्या दिवशी मी जामखेडहून पत्र्याची पाटी रंगवून आनली. हिकडून तिकडं जीपयेवढी रुंद. दोन्ही अंगाला कमळं आन् मधी 'आईचा आशीर्वाद'. जीपच्या तोंडावर तारंनं आवळून बांधली. म्हनलं, सुनंला सांभाळ गं आई.

पर जीप तापायला लागली. एकदा डोंगराकडच्या चढाला बॉनेटातनं वाफच वाफ. बाया उड्या टाकून वावरात. इंजिन खोलावं लागलं. फिटर म्हनला, "म्हातारे, तापून वाकडं झाल्यालं इंजिनाचं हेड घासून बसवलंय. आजून एकदा तापली तर इंजिन भंगारात घाला." मंजी काय, तर रेखानं बी कोयता घ्यायचा, फडावर जायचं, आन् दोन्ही नातींची शाळा सुटायची. माझ्या घरात परत कोयता चालू द्यायचा न्हाई, एवढंच मी ठरवल्यालं. बाकी कशाला मी कधी भ्याले न्हाई, पर ह्याला भ्याले.

आन् भ्याले की मी बोलते. रेखाला म्हनायची, "मालक चालवीत तवा कधी तापली न्हाई. तुजाच पाय जड हाय." वरीसभर म्हनले. रोज. ती फकस्त गेर जरा जोरात टाकायची.

एक दिवस मामानं रस्त्यात हात करून जीप थांबवली. आत डोकावून बघितलं. "आक्का, तुमचा गरमीचा काटा मेलाय की. गाडी पेटली तरी हा थंडच दावील. नवं मीटर बसवू. काटा नगं, आकडा. बॅटरीवरचं. लाल लाल दिसतंय, लई तापलं तर बोंबलतंय."

"मला वाचता येत न्हाई."

"आकडं?"

"आकडं येत्यात." मोळ्या मोजून मोजून आकडं चांगलेच आल्ते. अक्षराची काय वळख न्हाई, पर आकड्यानं मला कोन फसवलं न्हाई.

"मग झालं! आकड्यालाच बसवू तुमच्याशेजारी."

दुसऱ्या दिवशी मामा दारात आला. डबीतनं मीटर काढलं, काडेपेटीयेवढं. त्याला लांब वायर आन् वायरीच्या टोकाला पितळंचं बोंड. त्याला सेन्सर म्हनत्यात. मामाची रीत अशी की कुठलीबी वस्तू गाडीत बसवायच्या आदी तिची परीक्षा घ्यायची. चुलीवर मी त्याच्यासाठीच च्या ठेवल्याला. मामानं वायरी बॅटरीला लावल्या, ठिनगी पडली, हसला, आन् ते बोंड सरळ माझ्या च्यात बुडवलं.

"आरं मामा!"

"गप, आक्का. उकळी किती डिग्रीला फुटती ते मला ठावं हाय. ह्याला ठावं हाय का बघू."

आकडा पळाया लागला. चाळीस, साठ, ऐंशी. च्या वर आला तसा आकडा अठ्ठ्यान्नवावर जाऊन ठान बसला. मामा म्हनला, "आपलं गाव उंचावर, शंभराच्या दोन आदीच उकळी फुटती. खरं बोलतंय. घ्या, गाळा च्या." गाळला. पितळंचा वास आला, पर सगळ्यांनी प्याला.

मग काय, नाती पिसाळल्याच. बोंड रांजनात घातलं, चोवीस. गरम भाकरीत दडपलं, साठ. मामा त्यांच्यापेक्षा वाईट. म्हनला, "सूनबाईच्या काखंत घाला." छत्तीस. "सूनबाई थंड हाय. आता घरात गरम कोन हाय ते बघू," म्हनून माझ्याकडं वळला. मी पदर आवळला, पर पोरींनी धरलीच. माझं बी छत्तीस भरलं. मामानं मीटर झटकून बघितलं. "आक्का, असं कसं? तुमी तर शंभर पाहिजेत!" रेखा तोंडावर पदर घिऊन हसत हुती. वरसात पयल्यांदा हसताना दिसली.

बसवायची येळ आली तसं माझं हसू पळालं. मामानं सुरी काढली आन् रेडिएटरचा वरचा धडधाकट पाईप मधोमध कापला.

"चांगला पाईप कापला की हो!"

"आप्रेशन हाय. बोंड हितं पान्यात बसल्याबिगर ताप कसा कळंल?"

कापल्याल्या पाईपात पितळंचा जोड घातला, जोडात सेन्सर पिळला, दोन्हीकडनं क्लिपा आवळल्या. मीटर माझ्या गुडघ्यासमोर बसवलं. एक वायर चावीच्या करंटला, काळी वायर गाडीच्या पत्र्याला. आकडा लागला, पर नाचाया लागला. चाळीस, नव्वद, तीस. मी म्हनलं, येड लागलं मीटरला. मामा खाली वाकला. "येड न्हाई. रंगावर लावली ना मी काळी वायर. रंग करंटला आडवतो." मग पॉलिश पेपर घिऊन तेवढाच रंग खरवडला, पत्रा आरशावानी चकचकीत केला, वायर तिथं आवळली. आकडा एकदम शांत. मामा म्हनला, "वरचा रंग काढल्याबिगर खरं बोलत न्हाई आक्का, कोनीच."

ते बोलनं मला उगाच लागलं. का, ते संध्याकाळी कळलं.

बाया आनायला निघालो तवा मामा बी मागं बसला. सात बाया कांदा लावून आल्याल्या, हातांना चिखुल, आंग मोडल्यालं, पर लाल आकडा दिसला आन् सगळ्या पुढं वाकल्या. "काय गं हे?" म्हनलं, गाडीचा ताप हाय. मी मोठ्यानं वाचायला लागले आन् माझ्यामागं सगळ्या वरडायला लागल्या. "नव्वद!" "एक्क्यान्नव!" "ब्यान्नव, गं बाई!" जनू जत्रंतला पाळना. चढ लागला. पंच्यान्नव. शहान्नव. सत्त्यान्नवाला मीटर बोंबललं, असं बोंबललं की एकीनं मामालाच मिठी मारली.

मी म्हनलं, "बघा! म्हनत हुते ना मी? हिचा पाय!"

रेखानं गाडी बाजूला घेतली. हात स्टेरिंगवरच. म्हनली, "आत्या, पाय जड आसंल तर कोयता घेते मी. पर रोज नगा बोलू." मीटर एकलंच वरडत हुतं.

मामा म्हनला, "उतर, सूनबाई." गाडी निवू दिली, आकडा खाली आला, मग तो सोता चालवायला बसला, गाडी परत पायथ्याला घेतली. त्याच चढाला सत्त्यान्नव. परत बोंबाबोंब. मामा म्हनला, "आता माजा बी पाय जड झाला का, आक्का?"

मामा खाली उतरला. गाडीला वळसा मारला. पुढं जाऊन उभा ऱ्हायला, कमरंवर हात ठिऊन. आन् ठिनगी नसताना हसायला लागला. हसता हसता खाली बसला. आमी सगळ्या उतरलो. मामा बोटानं दावीत हुता. 'आईचा आशीर्वाद'. जाळीच्या पुढं हिकडून तिकडं.

"वारा कुठनं जाईल आत? रेडिएटरचं नाक दाबून ठेवलंय की!"

ती पाटी मी आनल्याली. हेडचं काम झालं तवा फिटरनं सोडून ठेवल्याली, ती परत मीच बांधली. आदीपेक्षा घट्ट.

मामानं पकडीनं तारा तोडल्या, पाटी बायांच्या मांडीवर आडवी दिली, आन् रेखाला म्हनला, "पायथ्यापासनं परत घाल चढाला." नव्वद. अठ्ठ्याऐंशी. चौऱ्याऐंशी. तिथंच थांबला आकडा. चढ संपला तरी चौऱ्याऐंशी. मग जो दंगा उठला! एक म्हनली, "म्हातारीचा आशीर्वाद लईच कडक गं!" दुसरी म्हनली, "इंजिनाला सोसंना, रेखी कशी टिकली?" मामा तर डोळं पुशीत हुता.

घरी आलो. चुकलं, असं तोंडानं म्हनायची सवय मला न्हाई. दुसऱ्या दिशी सकाळी मी पुढं बसायचं सोडून मागं बायांत जाऊन बसले. रेखा गाडी चालू करून तशीच थांबली. मग म्हनली, "आत्या, पुढं या. आकडा कोन वाचनार?"

गेले.

पाटी मामानंच बसवली, जीपच्या पाठीमागं, चार नटं मारून. म्हनला, "आशीर्वाद पाठीशी पाहिजे आक्का. पुढं आडवा न्हाई."

ह्याला झाली काही वर्सं. थोरली नात कालिजात हाय. कोयता माळ्यावर गंजला. मधी मामाचं दुखनं वाढलं, त्याला सोनईला लेकानं नेलं. आमी दोघी जीप घिऊन भेटायला गेलो. येवढ्या लांब रेखा पयल्यांदाच. मामा खाटंवर, आंगात ताप. हात धरला तर पोळत हुता. मला बघून म्हनला, "कितीवर हाय?"

"चौऱ्याऐंशी."

"मंजी माज्यापेक्षा बरं," म्हनला आन् हसला. आवाज न्हवता, खांदं हालत हुते. म्हैन्यात गेला.

परवा रस्त्यात हॉर्न बंद पडला. रेखानं बॉनेट उघडलं, सुटल्याली वायर वडली, टोक पत्र्याला टेकवलं. चट्ट. ठिनगी पडली. आमी एकमेकींकडं बघितलं. आदी ती हसली का मी, ते ठावं न्हाई. मागं बाया इचारीत हुत्या, "काय झालं गं? काय झालं?" आन् आमाला सांगता येईना.